मिठागरातला शोध



यंदाच्या वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'जनुक-संपादनाचा पाया घालणारा शास्त्रज्ञ' असा विषय छापून आला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत बराच हशा पिकला. बोनस आणि हजेरीपट यांवर बोलणारा माणूस जनुकांवर काय बोलणार, असा त्या हशाचा अर्थ होता; आणि तो अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली, रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात कामाला लागलो, आणि पुढे जे काही वाचले ते रात्रपाळीच्या फावल्या वेळात व सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा मी आज जे सांगणार आहे ते एका वाचकाने इतर वाचकांना सांगितलेले आहे, एवढे समजून घ्यावे. विषयाचा पूर्वार्ध मी पेणला सांगितला आणि उत्तरार्ध रोह्यास. या पुस्तकासाठी दोन्ही येथे एकत्र केले आहेत.

हा विषय निवडण्याचे कारण घरचेच आहे. माझे वडील पेणजवळच्या एका मिठागरात मजुरी करीत. आपणांपैकी खारेपाटातील मंडळींना हे काम ठाऊक आहे. उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवावयाचे, आणि उन्हाने ते आटत आटत शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागले की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते ओढून रास घालावयाची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मीठ धरते त्या वेळी त्याच पाण्याचा खारटपणा जवळजवळ दसपट झालेला असतो. अशा पाण्यात मासा जगत नाही, चिंबोरी जगत नाही. परंतु मीठ धरण्याच्या सुमारास त्या पाण्यावर तांबूस छटा चढते. वडील ती पाहून म्हणत, "पाणी पिकलं." मी विचारी, "लाल का होतं?" त्यावर ते म्हणत, "पिकलं की होतं." यापलीकडे उत्तर नव्हते, आणि मला तरी दुसरे कोण सांगणार होते?

पुष्कळ वर्षांनी वाचनालयात मला ते उत्तर मिळाले. त्या पाण्याला रंग देतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांपैकी काही आर्किया नावाच्या वर्गातले आहेत. दिसावयास ते जीवाणूंसारखेच असले तरी त्यांचे कूळ वेगळे. आणि त्यांतील मीठप्रेमी जातींना खारटपणा कमी झाला तर जगताच येत नाही. पण त्याच पुस्तकात दुसरी एक गोष्ट वाचून मी अधिक चकित झालो. आज ज्या साधनाने शास्त्रज्ञ माणसाच्या, भाताच्या, गुराच्या जनुकांत हवा तो फेरफार करू शकतात, त्या साधनाचा एक मूळ धागा अशाच मिठागराच्या पाण्यात सापडला होता. ज्याला तो सापडला त्याचे नाव फ्रान्सिस्को मोहिका. हे नाव मी आमच्या कारखान्यातील दोन पदवीधर रसायनतज्ज्ञांना विचारले. दोघांनीही ते ऐकलेले नव्हते. म्हणून आजचे हे व्याख्यान.

आता आपणांस थोडे दूर, स्पेन देशात जावयाचे आहे. पण पायाखालची खारी जमीन तीच राहील. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राच्या काठी, आलिकांते नावाचे शहर आहे आणि त्याच्या दक्षिणेस सांता पोला या गावाची मिठागरे आहेत. मोहिका यांचा जन्म 1963 साली तेथून जवळच्याच एल्चे या गावी झाला. 1989 साली ते आलिकांतेच्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी दाखल झाले. त्या विभागात सांता पोलाच्या मिठागरातून मिळालेल्या 'हॅलोफेरॅक्स मेडिटेरेनिआय' नावाच्या एका आर्कियावर काम चालले होते. पाण्यातील मीठ कमीजास्त केले की या जीवाच्या अंगात काय बदल होतो, हा प्रश्न. ना त्यात पैसा, ना प्रसिद्धी. कोणा मंत्र्याने उद्घाटनास यावे असेही ते काम नव्हते.

येथे दोन शब्द डीएनएविषयी सांगितले पाहिजेत. प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक लांबच लांब मजकूर असतो आणि तो फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो. शरीर कसे घडवावे आणि कसे चालवावे याच्या सूचना त्या मजकुरात असतात. एका सूचनेच्या मजकुराला आपण स्थूलमानाने जनुक म्हणू. मोहिका यांनी त्या मीठप्रेमी जीवाच्या डीएनएचा एक तुकडा वाचून काढला. त्यात त्यांना काहीतरी चमत्कारिक दिसले. सुमारे 30 अक्षरांचा एक पाठ पुन्हा पुन्हा येत होता. आणि दर दोन पाठांच्या मध्ये सुमारे 36 अक्षरांचा निराळाच मजकूर होता. पाठ तोच, मधला मजकूर मात्र दर वेळी वेगळा. शिवाय तो पाठ उलटा आणि सुलटा बराचसा सारखा होता. आपण लहानपणी 'चिमा काय कामाची' हे शब्द दोन्हीकडून म्हणून दाखवीत असू, साधारण त्या जातीची ही घडण.

हे लिहिण्यात आपली काही चूक झाली काय, अशी शंका कोणासही आली असती. परंतु रचना खरी होती, आणि 1993 साली ती प्रसिद्ध झाली. जुनी नियतकालिके चाळताना मोहिका यांना असेही आढळले की, आपल्या अगोदर 1987 साली जपानमधील ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूत अशीच रचना पाहिली होती. मात्र तिचा उपयोग काय हे त्यांना उमगले नव्हते. आता विचार करा. एक जीव मिठागरातला, दुसरा माणसाच्या आतड्यातला. दोघांचे कूळ इतके निराळे, आणि दोघांच्याही अंगी एकच ठेवण! निसर्ग निरुपयोगी वस्तू अशी दोन्ही घरी जपून ठेवीत नाही, हे मोहिका यांच्या मनाने घेतले. पुढची दहा वर्षे त्यांनी हा प्रश्न सोडला नाही.

या दहा वर्षांत सगळेच बरोबर आले असे नाही. पेशीची दोन शकले होताना डीएनएची नीट वाटणी व्हावी यासाठी ही रचना असावी, असा तर्क त्यांनी 1995 साली मांडला. तो तर्क चुकीचा ठरला. मध्यंतरी ते ऑक्सफर्डला काम करून आले. आलिकांतेला अध्यापक म्हणून परतले तेव्हा त्यांच्याजवळ स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती आणि ती उभारण्यास पैसाही नव्हता. मग त्यांनी काय केले? जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचून संगणकावर खुले ठेवलेले निरनिराळ्या सूक्ष्मजीवांचे डीएनए त्यांनी चाळावयास आरंभ केला. 2000 सालापर्यंत वीस सूक्ष्मजीवांत ही रचना त्यांना सापडली. तिला नाव तर हवे होते. नेदरलँड्समधील रूड यान्सेन यांच्याशी पत्रव्यवहार होऊन 'क्रिस्पर' हे नाव ठरले आणि 2002 साली ते छापले गेले. ठरावीक अंतरावर पुंजक्याने येणारे, दोन्हीकडून सारखे वाचता येणारे आखूड पाठ, असा त्या अक्षरांचा अर्थ आहे.

नाव मिळाले, पण काम काय ते कळेना. मोहिका यांचे लक्ष आता पाठांवरून मधल्या मजकुरावर गेले. 2003 च्या ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या दिवसांत, सांता पोलाच्या उन्हाला पाठ दाखवून ते आपल्या कचेरीत बसून राहिले. एकेक मधला तुकडा घ्यावयाचा आणि जगात वाचल्या गेलेल्या कोणत्या डीएनएशी तो जुळतो हे संगणकाला विचारावयाचे, असा त्यांचा क्रम होता. अशा कामाला प्रतिभेइतकीच हमालीही लागते. एके दिवशी ई. कोलायमधील एक तुकडा जुळला, आणि जुळला कोणाशी? पी-1 नावाच्या विषाणूशी. हा विषाणू ई. कोलायवर हल्ला करतो. आणि ज्या वाणात हा तुकडा होता तो वाण पी-1 ला दाद देत नाही, हे पूर्वीपासून ठाऊक होते. मग त्यांनी एकूण सुमारे 4,500 तुकडे तपासले. जे 88 तुकडे माहीत असलेल्या मजकुराशी जुळले त्यांपैकी दोनतृतीयांश तुकडे विषाणूंचे किंवा बाहेरून शिरणाऱ्या तत्सम डीएनएचे निघाले.

याचा अर्थ मी आमच्या भाषेत सांगतो. काही कारखान्यांच्या फाटकावर रखवालदाराच्या खोलीत एक फळा असतो. त्यावर सारख्या अंतरावर खिळे ठोकलेले असतात आणि दोन खिळ्यांच्या मध्ये आत येण्यास मनाई असलेल्या माणसांचे फोटो लावलेले असतात. (आम्हा चळवळ्या मंडळींना हा फळा चांगला परिचयाचा आहे.) क्रिस्पर म्हणजे हा फळा. तेच ते पाठ हे खिळे, आणि मधले तुकडे हे पूर्वी घुसून गेलेल्या विषाणूंचे फोटो. तोच विषाणू पुन्हा आला की रखवालदार त्याला ओळखतो. इतक्या क्षुद्र जीवाजवळ रोगाची आठवण असते, एवढेच नव्हे तर ती आठवण तो आपल्या संततीला वारसा म्हणून देतो. केवढी मोठी गोष्ट ही!

ही गोष्ट जगाने कशी स्वीकारली? स्वीकारलीच नाही. मोहिका यांनी 'नेचर' या विख्यात नियतकालिकाकडे निबंध पाठविला. 2003 च्या नोव्हेंबरात तो तज्ज्ञांना न दाखविताच परत आला. पुढे आणखी तीन नियतकालिकांनी तो नाकारला. एकाने तर त्यात पुरेसे नावीन्य आणि महत्त्व नाही असे कळविले. अखेरीस फेब्रुवारी 2004 मध्ये तो रेण्वीय उत्क्रांतीला वाहिलेल्या एका लहानशा नियतकालिकाकडे गेला, आणि दुरुस्त्या होत होत वर्षभराने, 1 फेब्रुवारी 2005 रोजी, छापून आला. त्याच वर्षी फ्रान्समधील दोन गटही स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षास पोचले. मोहिका यांना उशीर आणखी थोडा झाला असता, तर पहिलेपणाचा हा पुरावाही राहिला नसता.

यापुढचा इतिहास वेगाने घडला. 2007 साली डॅनिस्को या कंपनीतील रोडोल्फ बारांगू आणि फिलिप ऑर्वाथ यांनी दही व चीज यांच्या विरजणातील जीवाणूवर प्रयोग करून मोहिका यांचा तर्क सिद्ध केला. फळ्यावर विषाणूचा फोटो लावला की जीवाणू त्या विषाणूला पुरून उरतो आणि फोटो काढला की बळी पडतो, हे त्यांनी दाखविले. 2008 साली नेदरलँड्स आणि अमेरिका येथील संशोधकांनी हे संरक्षण कसे चालते त्याचे आणखी दुवे जोडले. 2011 साली इमान्युएल शार्पांतिए यांच्या गटाला या यंत्रणेतील एक आवश्यक आरएनए सापडला. आणि 2012 साली शार्पांतिए व जेनिफर डाउडना यांनी दाखवून दिले की, कॅस-9 नावाचे प्रथिन ही कात्री आहे, आरएनएची चिठ्ठी हा तिचा वाटाड्या आहे, आणि चिठ्ठीवरचा मजकूर आपण बदलला तर कात्री आपण सांगू तेथे डीएनए कापते. लिथुआनियातील विर्गिनियस सिक्श्निस यांनीही त्याच वर्षी तसेच काम प्रसिद्ध केले; त्यांचाही निबंध प्रथम एका मोठ्या नियतकालिकाने तज्ज्ञांना न दाखविता परत केला होता.

जानेवारी 2013 मध्ये फेंग झँग आणि जॉर्ज चर्च यांच्या प्रयोगशाळांनी ही कात्री मानवी पेशीत चालवून दाखविली. चर्च यांच्याकडील निबंधावर पहिले नाव प्रशांत माली यांचे आहे. ते आपल्या पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकलेले. कात्रीने डीएनए कापला की पेशी तो सांधावयास धावते. सांधताना चूक झाली तर ते जनुक बंद पडते. आणि शेजारी नवा मजकूर ठेवून दिला तर पेशी तो उतरवून घेऊ शकते. यालाच जनुक-संपादन म्हणावयाचे. 2020 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शार्पांतिए आणि डाउडना यांना मिळाले. मोहिका यांचे नाव त्यात नव्हते.

येथे मला एक जुनी आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. मी नोकरीला लागलो त्या सुमारास एका कारखान्यात (नाव घेत नाही, ते महत्त्वाचे नाही) एक वयस्क ऑपरेटर होता. रिॲक्टरमध्ये माल कोणत्या क्रमाने सोडावा म्हणजे दाब एकदम चढत नाही, हे त्याने वर्षानुवर्षे पाहून पाहून ताडले होते. त्याने ते वरिष्ठांना सांगितले. "तू आपले काम पाहा," असे उत्तर मिळाले. दोन वर्षांनी तोच क्रम एका अधिकाऱ्याची सुधारणा म्हणून लागू झाला; त्या अधिकाऱ्याला प्रशस्तिपत्र मिळाले, आम्हाला पेढे मिळाले. म्हातारा निवृत्त झाला तेव्हा त्याच्या कागदपत्रांत याविषयी एक ओळही नव्हती. त्याने पेढा हातात घेतला आणि न खाता खिशात ठेवला, एवढे मला आठवते. मोहिका यांचे चरित्र वाचताना तो पेढा माझ्या डोळ्यांसमोर आला.

तथापि येथे मी स्वतःलाच थोडे आवरले पाहिजे. मोहिका यांचे काम कोणी चोरले नाही. डाउडना आणि शार्पांतिए यांनी जे केले ते स्वतंत्र आणि फार मोठे काम आहे. आठवणीचा फळा सापडणे वेगळे आणि त्या फळ्यावरून हुकमी कात्री घडविणे वेगळे. नोबेलचा नियम असा की, एका पारितोषिकात तिघांहून अधिक वाटेकरी असू शकत नाहीत. कोठेतरी रेघ ओढावीच लागते. मोहिका यांना इतर सन्मान मिळाले. 2017 साली अमेरिकेतील ऑल्बनी येथील वैद्यकीय पारितोषिकात लुसिआनो मराफिनी, शार्पांतिए, डाउडना आणि झँग यांच्याबरोबर ते वाटेकरी होते. शिवाय विज्ञानात एक चांगली चाल आहे, जी आमच्या कारखान्यात नव्हती. तेथे कागद छापला जातो आणि त्यावर तारीख असते. 1993 आणि 2005 या दोन तारखा कोणालाही पुसता येत नाहीत. त्या म्हाताऱ्या ऑपरेटरजवळ असा कागद असता, तर मी स्वतः तो घेऊन लेबर ऑफिसात गेलो असतो.

तेव्हा मोहिका यांच्यावर अन्याय झाला हो, असा आक्रोश करण्यासाठी मी उभा नाही. मला सांगावयाचे आहे ते निराळे. ज्या कामाचा उपयोग करणाऱ्यालाही सांगता येत नाही, असे काम समाजाने पोसले पाहिजे. 1989 साली आलिकांतेच्या कोणा हिशेबनिसाने विचारले असते की, मिठागरातल्या जीवावर पैसा कशाला खर्च करावा, तर प्रामाणिक उत्तर काय होते? "ठाऊक नाही," एवढेच. खारेपाटातील माणसाला हे समजावयास अडचण पडू नये. बांध घालणाऱ्याने घातलेला बांध चिखलाखाली जातो. नंतर लोक पाहतात ते भात. परंतु खांड पडली आणि उधाणाचे पाणी शेतात शिरले, की बांध किती मोलाचा होता हे एका रात्रीत कळते. मूळ संशोधन हा विज्ञानाचा बांध आहे. तो राखण्याचे काम वर्षानुवर्षे चालावे लागते, आणि ते बहुधा सार्वजनिक पैशावरच चालते.

आणि पैसा जर सार्वजनिक, तर पीक कोणाचे? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 1933 पासून 1939 पर्यंत चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी पडीक टाकून जो संप केला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : राबणारे हात कोणाचे आणि कणगीत जाणारे भात कोणाचे? आज जनुक-संपादनाच्या शेतातही खोतीचा तंटा उभा आहे. कात्रीच्या पेटंटवरून कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पक्ष आणि अमेरिकेतीलच ब्रॉड संस्था यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. फेब्रुवारी 2022 मध्ये तेथील पेटंट मंडळाने ब्रॉडच्या बाजूने कौल दिला. मे 2025 मध्ये अपील न्यायालयाने तो काही अंशी रद्द करून प्रकरण पुन्हा विचारासाठी पाठविले. मिठागरात पहिला धागा शोधणारा माणूस या तंट्यात कोठेच नाही.

फळाची किंमतही पाहा. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका यांनी सिकलसेल या रक्तदोषावर क्रिस्परने केलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. विज्ञानाचा हा केवढा विजय! परंतु अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यास 22 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 18 कोटी रुपये ठरली. हा रोग आपल्या देशात प्रामुख्याने आदिवासींना छळतो. आपल्या राज्यात नंदुरबार आणि गडचिरोली येथील घरे त्याला ओळखतात. त्या घरांना 18 कोटींचा अर्थ काय सांगावा? म्हणूनच दिल्लीच्या सरकारी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती, सौविक मैती आणि त्यांचे सहकारी यांनी या रोगासाठी देशी उपचार घडविण्याचे जे काम हाती घेतले, ते मला फार मोलाचे वाटते. नोव्हेंबर 2025 मध्ये तो उपचार 'बिरसा 101' या नावाने जाहीर झाला. बिरसा मुंडा यांचे नाव त्याला दिले हे योग्यच झाले. ते नाव सार्थ होईल ते मात्र उपचार पाड्यावर पोचेल तेव्हा.

आता पुन्हा आपल्या खारेपाटात येतो. खारे पाणी शिरलेल्या जमिनीत भात कसे पिकवावे, हा येथला जुना प्रश्न. आपल्या वाडवडिलांनी निवडून निवडून काळा राता, भुरा राता यांसारखे वाण जपले. नंतर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-1, 2 आणि 3 हे वाण दिले. 4 मे 2025 रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतील 'पुसा डीएसटी राइस 1' हा वाण एमटीयू 1010 या प्रसिद्ध भातापासून केलेला आहे. भाताच्या अंगी डीएसटी नावाचे एक जनुक असते, ते चालू असले की रोप दुष्काळ आणि खार यांना कमी तोंड देऊ शकते. ते कात्रीने निकामी केले, एवढाच बदल. बाहेरचे जनुक त्यात घातलेले नाही. म्हणूनच 2022 च्या नियमानुसार अशा वाणांना परक्या जनुकांच्या पिकांचे कडक निर्बंध लागू होत नाहीत. किनाऱ्यावरील खाऱ्या जमिनीत सुमारे 30 टक्के अधिक उत्पन्न, असा आकडा त्या घोषणेत होता. त्या आकड्यांवर काही शेतकरी-कार्यकर्त्यांनी आक्षेपही घेतले.

यातले योगायोग मनास स्पर्शून जातात. मिठाच्या पाण्यात जगणाऱ्या एका जीवाच्या अंगी जी रचना सापडली, तिच्याच वाटेने माणसाने घडविलेली कात्री आज मिठाच्या पाण्यात भात जगविण्याच्या कामी लागली आहे. सांता पोलाहून निघालेला धागा खारेपाटाच्या बांधापर्यंत येऊन पोचला आहे. परंतु तो घरात घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे हे आपले काम आहे. या बियाण्याची चाचणी आपल्या खाऱ्या जमिनीत, आपल्या डोळ्यांदेखत होईल काय? चाचणीचे आकडे सर्वांना पाहावयास मिळतील काय? पुढल्या वर्षासाठी घरचे बी ठेवता येईल काय? आणि कात्रीच्या परदेशी मालकांना द्यावयाचा दाम शेतकऱ्याच्या गाठीतून जाणार की सरकारच्या? नव्याला नुसते भिणे हा शहाणपणा नव्हे. आणि नुसती टाळी वाजविणे हाही नव्हे.

भिण्यासारखेही काही आहे, हे मी नाकारीत नाही. 2018 साली चीनमधील हे ज्यानकुई या संशोधकाने मानवी गर्भाच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्मास घातल्याचे जाहीर केले. साऱ्या जगाने निषेध केला आणि 2019 च्या डिसेंबरात त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. ज्यांची संमती घेणेच शक्य नाही, त्यांच्या आणि त्यांच्या पुढील पिढ्यांच्या अंगावर त्याने प्रयोग केला होता. आम्ही रासायनिक कारखान्यातली माणसे हे लवकर ओळखतो. साधन कितीही उत्तम असो, त्याचा धोका कोण सोसतो आणि त्याचा निर्णय कोण घेतो, ही दोन माणसे वेगळी असली की काहीतरी चुकते.

बंधुभगिनींनो, माझा वेळ संपत आला. वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. पेणच्या आसपासची मिठागरे पूर्वीच्या मानाने थोडीच उरली आहेत. "लाल का होतं?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांना देता आले नाही. परंतु येथे शाळांचे शिक्षक बसले आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. मार्च-एप्रिलमध्ये, पाणी पिकते त्या दिवसांत, मुलांना एकदा मिठागरावर घेऊन जा. एक बाटली तांबडे पाणी आणा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवा. मुलांनी विचारले की हे बघून काय उपयोग, तर त्यांना आलिकांतेच्या त्या माणसाची हकीकत सांगा. आणि मिठागरावर जाल तेव्हा तेथे राबणाऱ्या माणसाचे नाव विचारून वहीत लिहून घ्यावयास मुलांना अवश्य सांगा.